फोटो काढून झाल्यावर

दसरा आठवड्यावर आला होता. ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात, आम्ही क्षयरोग तपासणीचं शिबिर लावलं होतं. निम्मं गाव बांधाबांधीत होतं. पीठ दळून आणायचं, कोयत्यांना धार लावायची, म्हाताऱ्यांपाशी कोणतं पोर ठेवायचं आणि कोणतं बरोबर न्यायचं ते ठरवायचं, अशी सगळी घाई. आमचं एक्स-रेचं यंत्र हातात धरता येईल एवढंच, लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यासारखं. छातीच्या एक्स-रेला गावात फोटोच म्हणतात, त्यामुळे आशाताईंना फार समजवावं लागलं नाही. "सुई नाही, गोळी नाही, नुसता फोटो," एवढ्यावर बायका रांगेत येत होत्या.

त्या रांगेत तिशीच्या आतली एक बाई होती. खोकला आहे का विचारलं तर नाही म्हणाली. मग जाता जाता म्हणाली, "संध्याकाळची जरा कसर येते अंगात, पन ते कामानं." फोटो काढला. लॅपटॉपवर तिच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला तांबूस-पिवळा डाग उमटला, शेजारी एक आकडा आला आणि खाली 'क्षयरोगाची शक्यता' अशी ओळ. मिनिटभरही लागलं नाही. तो फोटो वाचू शकेल असा सर्वात जवळचा रेडिऑलॉजिस्ट तिथून साठ किलोमीटरवर होता.

तिला डबी दिली. सकाळी उठल्याबरोबर खाकरून बेडका दे, नुसती लाळ नको, हे दोनदा सांगितलं. नमुना तालुक्याला गेला, तिथे आधीच्या नमुन्यांची रांग होती, आणि चौथ्या दिवशी निदान पक्कं झालं. आशाताई निरोप घेऊन घरी पोचल्या तेव्हा दाराला कुलूप होतं. टोळीचा ट्रक आदल्या रात्रीच निघाला होता.

आमच्या महाविद्यालयाच्या यंदाच्या क्लिनिकल संशोधन दिवसासाठी 'वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्ता' हा विषय ठरला आणि या पुस्तिकेची प्रस्तावना माझ्याकडे आली, तेव्हा मला ते कुलूप आठवलं. त्या दिवशी यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. यंत्राची अचूकता मोजणारा एखादा निबंध आम्ही लिहिला असता, तर ही बाई त्यात 'बरोबर ओळखलेली' म्हणून मोजली गेली असती. तिच्या अंगातली कसर मात्र तशीच राहिली असती. यंत्राचं उत्तर बरोबर आलं का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण क्लिनिकल संशोधन खऱ्या अर्थानं सुरू होतं ते त्याच्या पुढच्या प्रश्नापाशी: त्या उत्तरामुळे रुग्णाचं पुढे काय झालं? आज जे काही मांडलं जाईल ते वाचकांनी आणि श्रोत्यांनी या प्रश्नाला घासून पाहावं, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे.

हा प्रश्न नवा नाही, आणि वैद्यकाला तो शिकवण्यात क्षयरोगाचा वाटा मोठा आहे. १९४७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. क्षयरोग शोधायला छातीच्या फिल्मचा कोणता आकार आणि कोणता प्रकार चांगला, एवढंच त्यात ठरवायचं होतं. बाराशेहून अधिक माणसांचे एक्स-रे चार पद्धतींनी काढले आणि पाच अनुभवी डॉक्टरांनी ते स्वतंत्रपणे वाचले. निकाल आला तेव्हा फिल्मचा प्रश्न बाजूलाच राहिला. फिल्म-फिल्ममध्ये जेवढा फरक होता, त्यापेक्षा वाचणाऱ्या-वाचणाऱ्यांमध्ये जास्त होता. एकाला दिसलेला डाग दुसऱ्याला दिसत नव्हता, आणि तीच फिल्म काही काळानं पुन्हा हातात दिली तर तोच डॉक्टर वेगळं सांगत होता. यंत्र माणसाइतकं चांगलं वाचतं का, असं आपण आज विचारतो तेव्हा कोणता माणूस, कोणत्या दिवशीचा, हेही विचारावं लागतं ते यामुळे.

लगेच पुढच्या वर्षी, १९४८ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. औषध फार थोडं होतं, सगळ्यांना पुरणार नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेप्रमाणे कोणाला औषध आणि कोणाला नुसती बिछान्यातली विश्रांती हे बंद लिफाफ्यांतून ठरलं. १०७ रुग्ण होते. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ पैकी चार दगावले, विश्रांतीवरच्या ५२ पैकी चौदा. या चाचणीतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. एक्स-रे वाचणाऱ्या तिघांना कोणती फिल्म कोणत्या गटातली हे सांगितलेलंच नव्हतं. डॉक्टरांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका होती म्हणून नव्हे. चांगलं व्हावं अशी इच्छा डोळ्यांत उतरू शकते, म्हणून. पुढे पाच वर्षांनी त्याच रुग्णांकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा दोन गटांमधला मृत्यूंचा फरक बराच आटलेला होता. जंतू औषधाला सरावले होते. सहा महिन्यांवर थांबले असते तर हा आटलेला फरक कळलाच नसता. आज क्षयरोगाला एकाच वेळी अनेक औषधं देतात, त्या रीतीची मुळं जंतूंच्या या सरावण्यात आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा वैद्यकातला इतिहासही लोक समजतात त्यापेक्षा जुना आहे. १९७२ साली इंग्लंडमधल्या लीड्स इथे शल्यचिकित्सक टिमथी डी डोंबाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर संगणक लावून पाहिला. संगणकाचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं, रुग्णाला पाहणाऱ्या सर्वांत वरिष्ठ डॉक्टरांचं ७९.६ टक्के. हा आकडा पुष्कळदा सांगितला जातो. दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी लिहिलेलं क्वचितच कोणी सांगतं: चाचणी चालू असताना डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं, आणि चाचणी संपल्यावर ते पुन्हा खाली घसरू लागलं. संगणकाला माहिती द्यायची म्हणून प्रत्येक रुग्णाला ठरावीक प्रश्न नीट विचारावे लागत होते आणि आपल्या चुका आपल्याला कळत होत्या. सुधारणेचं श्रेय गणिताला द्यायचं की त्या ठरावीक प्रश्नांना, हा प्रश्न मी दर वर्षी निवासी डॉक्टरांपुढे ठेवते.

स्टॅनफर्डच्या 'मायसिन'ची गोष्ट थोडक्यात सांगते. काहीशे नियमांवर चालणारी ती प्रणाली जंतुसंसर्गावर प्रतिजैविक सुचवत असे. १९७९ साली मेंदूज्वराच्या दहा रुग्णांवर तिची परीक्षा झाली. कोणता सल्ला कोणाचा हे परीक्षकांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी मायसिनला तिथल्या तज्ज्ञ प्राध्यापकांच्या तोडीचे गुण दिले. तरी ती रुग्णसेवेत कधी वापरली गेली नाही.

आजची यंत्रणा या दोन्हींहून वेगळी आहे, कारण काय पाहायचं हे तिला कोणी सांगत नाही. हजारो चित्रं आणि त्यांची उत्तरं पुढे ठेवली की चित्रातलं काय पाहिलं असता उत्तर जुळतं, ते ती स्वतः पकडते. २०१६ साली गूगलच्या संशोधकांनी मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारे बदल ओळखणारं मॉडेल प्रसिद्ध केलं. सव्वा लाखाहून जास्त चित्रांवर ते शिकलं होतं आणि ५४ नेत्रतज्ज्ञ आणि नेत्रविभागातल्या वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी मिळून ती चित्रं तपासली होती. त्यांतली बरीच चित्रं भारतातली होती: अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या रुग्णालयांतली. आपल्याकडे मधुमेही कोट्यवधी आणि नेत्रतज्ज्ञ मोजके, त्यामुळे या बातमीनं आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता, आणि तो आनंद योग्यच होता.

तेच तंत्र पुढे थायलंडमधल्या अकरा सरकारी दवाखान्यांत गेलं. तिथे काय घडलं हे २०२० साली प्रसिद्ध झालं, आणि ते प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्यानं वाचावं असं मला वाटतं. पुष्कळ ठिकाणी डोळ्याचा फोटो काढायला अंधारी खोली नव्हती. फोटो जरा धूसर आला की मॉडेल तो वाचायला नकार देई, आणि पाचातल्या एका फोटोचं असं झालं. नकार मिळालेल्या रुग्णानं वेगळ्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात जायचं असा नियम होता. त्यात कोणाची मजुरी बुडे, कोणाला गाडी मिळत नसे. इंटरनेट मंद असलं की रांग खोळंबे. परिचारिकांना स्वतःला दिसत असे की डोळ्यात काही बिघडलेलं नाही, तरीही त्यांना रुग्णाला पुढे धाडावं लागे. प्रयोगशाळेत तज्ज्ञाच्या बरोबरीनं चालणारं मॉडेल दवाखान्याच्या उजेडाशी अडलं. त्या संशोधकांनी हे लपवलं नाही, परिचारिकांपाशी बसून, त्यांना विचारून लिहिलं, म्हणून मला तो अभ्यास फार मोलाचा वाटतो.

मॉडेल शिकतं म्हणजे नेमकं काय शिकतं, हा दुसरा मोठा प्रश्न. नव्वदच्या दशकात अमेरिकेत न्यूमोनियाच्या रुग्णांपैकी कोणाच्या जिवाला जास्त धोका हे सांगणारी मॉडेलं बनवली गेली. संगणकशास्त्रज्ञ रिच कॅरुआना त्या कामात होते. त्या माहितीतून एक चमत्कारिक नियम निघाला: ज्यांना आधीपासून दमा आहे, त्यांना न्यूमोनियानं मरण्याचा धोका कमी. कोणत्याही इंटर्नला विचारा, उलटं सांगेल. पण माहिती खोटी नव्हती. दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर घाबरून त्याला थेट अतिदक्षता विभागात घेत, म्हणून तो वाचत होता. हा नियम मानून त्याला घरी पाठवलं असतं तर तो गेला असता. म्हणून जे मॉडेल आकड्यांत सर्वांत सरस होतं तेच वापरायचं नाही असं ठरलं, कारण त्याच्या पोटात असे आणखी किती नियम आहेत ते उघडून पाहता येत नव्हतं.

२०१८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवलेला प्रकारही असाच. एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखायला वापरतात तसंच मॉडेल हा एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला हे जवळजवळ कधीच न चुकता ओळखू शकत होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण जास्त आणि दुसऱ्यात कमी असतील, तर फुप्फुसाकडे फारसं न पाहताही उत्तर जुळवता येतं. असं मॉडेल तिसऱ्या गावी नेलं की कोलमडू शकतं. आपल्या भागातल्या फुप्फुसांवर जुन्या क्षयाचे व्रण असतात, चुलीच्या धुराच्या खुणा असतात, कोणी दगडखाणीत राबलेला असतो. दुसऱ्या देशातल्या चित्रांवर तयार झालेलं यंत्र आपल्याकडे आपल्याच रुग्णांवर तपासून घ्यावं लागतं, ते याच कारणानं.

आता थोडं गणित. हे मी फळ्यावर दर वर्षी करून दाखवते, कारण डोक्यात ते राहत नाही. गाळणी चाचणीनं दर शंभर क्षयरुग्णांपैकी किमान नव्वद पकडावेत आणि क्षय नसलेल्या शंभरांपैकी किमान सत्तरांना मोकळं करावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. समजा, एक यंत्र तंतोतंत तेवढंच चांगलं आहे. शिबिराला हजार माणसं आली आणि त्यांतल्या दहांना खरोखर क्षय आहे. यंत्र नऊ पकडेल, एक निसटेल. उरलेल्या ९९० मधल्या तीस टक्क्यांवर, म्हणजे २९७ जणांवर, ते विनाकारण बोट ठेवेल. 'संशयित' अशी चिठ्ठी ३०६ जणांच्या हातात पडेल आणि त्यांत नऊ खरे असतील. ही यंत्राची नालायकी मुळीच नव्हे. एरवी हजार थुंक्या तपासाव्या लागल्या असत्या, आता ३०६ तपासायच्या, हा फायदा खरा आहे. म्हणूनच २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पंधरा आणि त्याहून जास्त वयाच्यांच्या छाननीत एक्स-रे वाचायला माणसाऐवजी असं सॉफ्टवेअर चालेल असं सांगितलं. अशा सॉफ्टवेअरपैकी एक मुंबईत, क्यूअर डॉट एआयमध्ये, घडलं आहे. पण ३०६ डब्या कोण वाटणार, ३०६ नमुने कोणत्या गाडीनं जाणार आणि नमुना तपासणारं यंत्र दिवसाला किती काढणार? आमच्या शिबिरातला उशीर इथेच झाला. गोव्यातल्या मोलबायोनं बनवलेलं 'ट्रूनॅट' हे नमुना तपासणारं यंत्र बॅटरीवर चालतं, खेड्यापर्यंत नेता येतं, तासाभरात निकाल देतं. पण ते चालवायला प्रशिक्षित माणूस हवा, चिप हवी, आणि नमुना त्याच्यापर्यंत पोचायला हवा. फोटो मिनिटात वाचणाऱ्या यंत्रामुळे चौथ्या दिवसाचं उत्तर पहिल्या दिवशी येत नाही.

नुसतं गजर वाजवणारं यंत्र कसं असतं याचा पुरावा २०२१ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयातून आला. जंतुसंसर्गातून जिवावर बेतणारा 'सेप्सिस' आधीच हेरतं म्हणून शेकडो अमेरिकन रुग्णालयांत बसवलेलं एक मॉडेल ते बनवणाऱ्या कंपनीबाहेरच्या संशोधकांनी तपासलं. सेप्सिस झालेल्या दर तीन रुग्णांपैकी दोन त्यानं सोडले होते, आणि तरीही दाखल झालेल्या दर शंभरांपैकी अठरांवर गजर वाजवला होता. रात्रपाळीची नर्स असे किती गजर ऐकेल?

याउलट स्वीडनमधली स्तनकर्करोगाची चाचणी पाहा. ८० हजारांहून जास्त बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाच्या मॅमोग्राफी नेहमीप्रमाणे दोन रेडिऑलॉजिस्टनी वाचल्या, दुसऱ्यात यंत्राच्या मदतीनं. २०२३ साली पहिले निष्कर्ष आले: कर्करोग कमी सापडले नाहीत, उलट थोडे जास्तच सापडले, आणि वाचनाचा भार ४४ टक्क्यांनी हलका झाला. लिफाफ्यांचीच जुनी रीत, नव्या यंत्रासाठी. अशा चाचण्या कशा लिहाव्यात याचे आंतरराष्ट्रीय नियम २०२० पासून आहेत, आणि आजच्या सादरकर्त्यांकडे ते मी मागणार आहे.

भाषेचं मला विशेष सांगायचं आहे. रुग्ण बोलत असताना टिपण करून केसपेपर लिहिणारी यंत्रं आता आली आहेत. लेखनिकगिरीतून सुटका होणार असेल तर मला हवीच आहे. पण माझ्या ओपीडीतल्या बाया 'ताप' क्वचित म्हणतात. त्या 'कसर' म्हणतात, 'कणकण' म्हणतात, 'अंग मोडून आलंय' म्हणतात, आणि हे तिन्ही एक नव्हेत. कसर ही संध्याकाळची, हाताला धड न लागणारी, दिवसेंदिवस रेंगाळणारी. क्षयाच्या पुस्तकातलं वर्णन त्या एका शब्दात असतं. तो शब्द इंग्रजीत 'फीवर' होऊन कागदावर उतरला, किंवा 'ताप नाही' असा उतरला, की निदानाचा धागा तिथेच तुटला. 'जीव घाबरा होतो' हे हृदयाचंही असतं आणि मनाचंही. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या बोलीत ही यंत्रं काय ऐकतात याचा अभ्यास आपल्याशिवाय कोणी करणार नाही. या कामाला मोठा पैसा लागत नाही. टिपण, केसपेपर आणि रुग्णाचं मूळ बोलणं शेजारी-शेजारी ठेवून वाचणारी चिकाटी लागते.

आणि निवासी डॉक्टरांबद्दल एक काळजी. २०२५ मध्ये पोलंडमधून आलेल्या एका अभ्यासात, मोठ्या आतड्याच्या तपासणीत यंत्राची मदत सुरू झाल्यावर, ज्या तपासण्या यंत्राविना केल्या त्यांत डॉक्टरांना गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. एका अभ्यासावरून निकाल देऊ नये. पण मी वॉर्डात आधी स्टेथोस्कोप लावायला सांगते, मग फोटो तुमच्या डोळ्यांनी वाचायला, आणि यंत्राचं उत्तर शेवटी. सकाळच्या फेरीला वेळ लागतो. लागू दे.

राहता राहिला संमतीचा मुद्दा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२३ साली आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेत झाला. दोन्ही वाचायलाच हवेत. संमती म्हणजे काय हे मात्र मला एका व्हरांड्यात कळलं.

ती कुलूपवाली बाई पाचव्या आठवड्यात सापडली. तिच्या सासूकडे एका चुलत दिराचा नंबर होता, त्यावरून कारखाना कळला, आणि तिकडच्या आरोग्यसेविकेनं फडावर जाऊन गोळ्या सुरू केल्या. पुढच्या दसऱ्याच्या आधी आम्ही शिबिराच्या वहीत दोन रकाने वाढवले: 'टोळी कुठे जाणार' आणि 'मुकादमाचा फोन'. आम्हाला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. रांगेतल्या तिसऱ्या का चौथ्या बाईला मी तो नंबर विचारला, तर तिनं माझ्या पेनावरच हात ठेवला. "मॅडम, मुकादमाला कळू देऊ नका. उचल घेतलेली हाय. कोयता अर्धा झाला म्हनून पैशे मागंल." नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईला टीबी म्हटलं की तो मोडला, आणि घेतलेले पैसे फेडायचे कुठून?

तो रकाना आम्ही तिथल्या तिथे खोडला. त्याच्या जागी लिहिलं, 'बाई स्वतः देईल तो नंबर'. तिनं आपल्या आईचा दिला.